गीझर पाणी तापवीत नाही तेव्हा

सदर : घरातील विज्ञान

न्हाणीघरातील तांब्याचा बंब मराठी घरांतून हळूहळू माळ्यावर गेला आणि त्याची जागा भिंतीवरच्या गीझरने घेतली. बंबाचा कारभार उघड होता. लाकूड ओले असले तर धूर दिसे, मधली नळी राखेने तुंबली तर जाळ मंदावे. काय बिघडले हे डोळ्यांना कळत असे. गीझरचा सारा व्यवहार मात्र पत्र्याच्या आवरणाआड चालतो. पाणी तापेनासे झाले की घरातील माणसांपुढे एक थंड नळ तेवढा उरतो आणि ‘गीझर गेला’ असे म्हणून विषय संपविला जातो.

हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो. पाणी न तापण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांपैकी कित्येक गीझरच्या बाहेरच सापडतात. काही वेळा तर गीझरमधील संरक्षक यंत्रणेने आपले काम चोख बजावलेले असते. धोका ओळखून तिनेच वीज तोडलेली असते. अशा वेळी तिने वीज का तोडली हे न पाहता तिला बाजूला सारून तार जोडली, तर पाणी तापते खरे, पण घरातील माणसांचा जीव टांगणीला लागतो. पाणी, वीज आणि अनवाणी ओले शरीर ही तिन्ही एकत्र येतात अशी जागा घरात न्हाणीघराखेरीज दुसरी नाही. म्हणून येथे दुरुस्तीच्या आधी निदान हवे, आणि निदानाला क्रम हवा.

तामलवाडीचे पाणी आणि वीज

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालेल्या महामार्गावर, धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात तामलवाडी हे गाव आहे. या परिसरातील गावांत गीझरला दोन परीक्षा रोज द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा पाण्याची. हा सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टचा आहे. जमिनीत मुरलेले पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. विहिरीच्या किंवा बोअरच्या अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. शालेय पुस्तकांत यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. घरात त्याला जड पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. तेच पाणी तापविणाऱ्या गीझरवर त्याचा काय परिणाम होतो, ते पुढे येईल.

दुसरी परीक्षा विजेची. रोहित्रापासून दूर असलेल्या घरांत, विशेषतः हिवाळ्याच्या सकाळी सर्वांचे गीझर एकाच वेळी सुरू झाले की, विजेचा दाब उतरतो. पंखा मंद फिरतो, दिवा पिवळट दिसतो आणि गीझर ‘बिघडतो’. प्रत्यक्षात तो बिघडलेला नसतो. तो अर्धपोटी काम करीत असतो.

उपकरणांचे प्रकार

आपल्याकडे दोन प्रकारचे विद्युत गीझर सर्रास दिसतात. एक साठवणीचा, त्याची टाकी बहुधा १५ किंवा २५ लिटरची आणि विजेची गरज २००० वॅटची असते. दुसरा तात्काळ पाणी देणारा, ज्याला बाजारात ‘इन्स्टंट’ म्हणतात. त्यात १ ते ३ लिटर पाणी मावते आणि तो ३००० वॅट वीज घेतो. परदेशी, विशेषतः ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी तिसरा प्रकार असतो, तो म्हणजे विजेवर चालणारा शॉवर. त्यात टाकीच नसते. वाहते पाणी शॉवरमधून जाता जाताच तापते. त्यासाठी ८५०० वॅट किंवा त्याहूनही अधिक वीज लागते.

तिघांचेही तत्त्व एकच आहे. तारेतून वीज वाहिली की तार तापते. तारेचा रोध, विजेचा प्रवाह आणि निर्माण होणारी उष्णता यांचे नाते जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास मांडले. निकेल आणि क्रोमियमची तापूनही न जळणारी मिश्रधातू १९०६ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांच्या नावे पेटंट झाली. तिचीच तार आज गीझरच्या एलिमेंटमध्ये असते. ती धातूच्या नळीत बसविलेली असून तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही.

पहिला प्रश्न : वीज आत जाते का?

निदानाची सुरुवात पेचकस हातात घेऊन करू नये. आधी एकच प्रश्न सोडवावा : गीझर वीज घेतो आहे की नाही? याचे उत्तर घराबाहेरच्या वीजमीटरजवळ मिळते.

घरातील इतर सर्व उपकरणे बंद करावीत. मीटरवरील लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. मग घरातल्या दुसऱ्या माणसाने गीझर सुरू करावा. दिव्याची लुकलुक एकदम जलद झाली तर गीझर वीज घेत आहे. काहीच फरक पडला नाही तर वीज एलिमेंटपर्यंत पोहोचत नाही. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर २००० वॅटच्या गीझरला दिवा मिनिटाला सुमारे १०७ वेळा लुकलुकला पाहिजे. तो ६५ च्या आसपासच थांबत असेल, तर विजेचा दाब उतरलेला आहे असे समजावे. या परीक्षेत कोणत्याही तारेला हात लावावा लागत नाही आणि अर्धे निदान तेथेच होते. गीझरची टाकी आधीच तापलेली असेल तर ही परीक्षा फसते. म्हणून ती पाणी थंड असतानाच करावी.

यानंतर वाट दोन दिशांना फुटते. वीज जात नसेल तर दोष विजेच्या मार्गात शोधावा. वीज पुरेशी जात असूनही पाणी कोमटच येत असेल तर दोष पाण्याच्या मार्गात शोधावा.

विजेचा मार्ग

बाहेरून आत जावे. वितरण पेटीतील गीझरचा एमसीबी खाली पडला आहे का, ते पाहावे. पडला असेल तर एकदाच वर करावा. पुन्हा लगेच पडला तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये. आत कोठे तरी तारा एकमेकींना चिकटल्या आहेत अथवा एमसीबीच निकामी झाला आहे, हे वायरमनने पाहण्याचे काम आहे.

एमसीबी ठीक असेल तर प्लगकडे वळावे. गीझरच्या दुखण्यांत सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत दुर्लक्षित असे हे ठिकाण. २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर आणि ३००० वॅटचा १३ अँपिअर प्रवाह घेतो. तो प्रवाह १६ अँपिअरच्या जाड पिनांच्या प्लगमधूनच जायला हवा. सॉकेटमधील पकड सैल झाली की तेथे ठिणग्या पडतात, पिना काळ्या होतात, प्लास्टिक वितळते आणि करपट वास येऊ लागतो. मुख्य एमसीबी बंद करून, कोरड्या हातांनी प्लग काढून पाहावा. पीन काळवंडलेली असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत. एकच बदलल्यास जुन्याचा दोष नव्याला लागतो. मागची तारही तपासून घ्यावी. साठवणीच्या गीझरला तांब्याची किमान २.५ चौरस मिलिमीटरची आणि ३००० वॅटच्या गीझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार असावी. दिव्याच्या तारेतून काढलेली फांदी गीझरला पुरत नाही.

येथे एक फसगत ध्यानात ठेवावी. गीझरवरचा छोटा दिवा अगदी नगण्य प्रवाहावर पेटतो. त्यामुळे सैल पकडीतूनही दिवा पेटतो, पण एलिमेंटला लागणारा प्रवाह मिळत नाही. दिवा लागला म्हणजे वीज पुरेशी आली, असे नव्हे.

दिव्यांची भाषा मात्र समजून घेतली तर उपयोगी पडते. बहुतेक गीझरांवर दोन दिवे असतात : एक वीज आल्याचा, दुसरा पाणी तापत असल्याचा. दोन्ही विझलेले असतील तर दोष प्रायः प्लग, तार किंवा एमसीबीत असतो. पहिला लागतो आणि पाणी थंड असूनही दुसरा लागत नाही, तेव्हा संशय थर्मोस्टॅट किंवा कटआऊटवर जातो. दोन्ही लागतात, पण मीटर स्थिर आणि पाणी थंड, अशा वेळी एलिमेंटमधील तार तुटलेली असण्याचा संभव अधिक. काही गीझरांत कटआऊटने वीज तोडली की दोन्ही दिवे विझतात. त्यामुळे सोबत आलेली पुस्तिका जपून ठेवावी.

दाब उतरला तर

विजेचा दाब थोडा उतरला तर उष्णता थोडीच कमी होत असेल, असे वाटते. हिशेब तसा नाही. एलिमेंटची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारा गीझर १८० व्होल्टला सुमारे १२२५ वॅटच देतो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला एरवी सुमारे १६ मिनिटे लागतात; दाब उतरल्यावर २६ मिनिटे लागतात. रोजच्या सवयीने पंधरा मिनिटांनी नळ उघडणाऱ्यास पाणी कोमट लागते आणि दोष गीझरच्या माथी येतो. अशा घरांत गीझर बदलण्यापेक्षा पहाटे लवकर सुरू करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. दाब नेहमीच उतरत असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

एका घरात दिवे एकाएकी मंद आणि शेजारच्या घरात भगभगीत, असे झाले तर तो न्यूट्रल तार सैल झाल्याचा इशारा असतो. तेव्हा घरातील सर्व मोठी उपकरणे ताबडतोब बंद करून वीज कर्मचाऱ्यास बोलवावे. तेथे प्रश्न केवळ गीझरचा राहत नाही.

पाण्याचा मार्ग

मीटर जोरात लुकलुकतो आणि पाणी मात्र कोमट, अशी स्थिती असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नळाची धार. इन्स्टंट गीझरमध्ये धारेचा वेग आणि उष्णता यांचा हिशेब रोख असतो. ३००० वॅटचा गीझर मिनिटाला २ लिटर धारेला सुमारे २१ अंशांनी तापवतो. ३ लिटर धारेला १४ अंशांनी आणि ५ लिटर धारेला केवळ ८-९ अंशांनी. उन्हाळ्यात टाकीतले पाणीच ३० अंशांचे असते, म्हणून भरधार सोडूनही भागते. पौष-माघात गच्चीवरील टाकीतले पाणी रात्रभर गार होते. त्याच धारेत मग अंघोळीचे पाणी मिळत नाही. मापाचा तांब्या घेऊन एका मिनिटात किती पाणी पडते ते मोजावे आणि नळ आवळावा. पाण्याचीही बचत होते.

दुसरी, थंड पाण्याची चोरवाट. एकाच दांडीच्या मिक्सर नळातून, किंवा नळाकडे बंद पण मुळाशी उघड्या ठेवलेल्या हात-शॉवरमुळे, थंड पाणी गरम पाण्याच्या नळीत शिरते. याची परीक्षा सोपी आहे. गीझर बंद करावा, त्याला पाणी पुरविणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ उघडावा. क्षणभराने धार थांबली पाहिजे. ती वाहतच राहिली तर थंड पाणी दुसरीकडून येत आहे. हे काम प्लंबरचे. गीझर निर्दोष आहे. परीक्षा झाल्यावर व्हॉल्व्ह पुन्हा उघडावा आणि नळाला पाणी आल्याखेरीज गीझर सुरू करू नये.

तिसरी, टाकीतली नळी. साठवणीच्या उभ्या गीझरमध्ये थंड पाणी तळाशी येते आणि गरम पाणी वरून एका उभ्या नळीने घेतले जाते, कारण तापलेले पाणी हलके होऊन वर जमते. ही नळी गंजून मध्येच तुटली, तर तळाचे थंड पाणीच बाहेर येते. सुरुवातीचा एखादा तांब्या गरम आणि मग एकदम गार, हे तिचे लक्षण.

ब्रिटनमधील विजेच्या शॉवरलाही हेच हिशेब लागू पडतात. ८५०० वॅटचा शॉवर मिनिटाला ५ लिटर धारेला सुमारे २४ अंशांनी तापवतो. त्यात बहुधा दोन एलिमेंट असतात. एक जळाले की पाणी बर्फगार न होता कोमट होते. तेथे हिवाळ्यात नळाचे पाणी अतिशय गार असते, म्हणून धार कमी करून पाहणे ही तेथेही पहिली परीक्षा. त्याचे झाकण मात्र घरच्यांनी उघडू नये. सुमारे ३७ अँपिअर प्रवाहाचे ते काम तेथील नोंदणीकृत तंत्रज्ञाचे आहे.

आतले तीन भाग

बाहेरचे सारे तपासून झाले, तरच झाकण उघडण्याची वेळ येते. हे काम जाणत्या वायरमनने, एमसीबी बंद करून आणि प्लग काढून करावे. घरच्यांनी जवळ उभे राहून काय केले ते पाहावे, हे मात्र इष्ट.

थर्मोस्टॅट हा पाणी ठरावीक उष्णतेला पोहोचले की वीज तोडणारा आणि गार झाले की जोडणारा. कटआऊट हा त्याच्यावरचा पहारेकरी. थर्मोस्टॅट अडकला किंवा टाकीत पाणीच नसले, तर उष्णता मर्यादेबाहेर जाते. तेव्हा कटआऊट वीज तोडतो. काही गीझरांत त्याचे छोटे बटण दाबून तो पुन्हा जोडता येतो. एलिमेंट तिसरा. २००० वॅटच्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम आणि ३००० वॅटच्या एलिमेंटचा सुमारे साडेसतरा ओहम भरतो. मीटरवर रोध अमर्याद दिसला तर तार तुटली आहे.

कटआऊट तुटलेला आढळला, तर बटण दाबण्यापूर्वी ‘का’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाणीटंचाईच्या दिवसांत गच्चीवरची टाकी रिकामी होते. गीझरचा पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह निकामी असला तर गीझरमधले पाणीही मागे ओढले जाते आणि एलिमेंट कोरडे तापते. कारण हे असेल तर व्हॉल्व्ह बदलावा. थर्मोस्टॅट अडकला असेल तर तो बदलावा. एलिमेंटवर क्षारांचे कवच चढले असेल तर ते काढावे. कारण न शोधता बटण दाबले तर कटआऊट पुन्हा तोडील, आणि मग कोणी तरी दोन तारा थेट जोडण्याचा सल्ला देईल. तो सल्ला कोणीही मानू नये. थर्मोस्टॅट अडकलेला, कटआऊट वगळलेला आणि सुरक्षा-व्हॉल्व्ह बुजलेला, अशा बंद टाकीतले पाणी १०० अंशांच्या पुढे जाते. ती टाकी फुटली तर त्या पाण्याची क्षणात वाफ होऊ लागते, आणि वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते.

सुरक्षा-व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडले तर तो दोष समजू नये. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेले की ते सुमारे पावणेचारशे मिलिलिटरने वाढते. त्या वाढीला वाट हवी. थेंब पडतात म्हणून तेथे बूच मारणे हा अपघाताला दिलेला निमंत्रण-विडा ठरतो.

क्षारांचे कवच

जड पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखा पांढरा पदार्थ, खाली उरतो. जेथे सर्वांत अधिक उष्णता तेथे तो सर्वांत अधिक साचतो, म्हणजे एलिमेंटवरच. तांब्याच्या तुलनेत हा थर उष्णता शंभराहून अधिक पट मंदपणे वाहून नेतो. आत तार तापत राहते, उष्णता पाण्यात जात नाही, नळी अतितप्त होते आणि एके दिवशी तिला बारीक तडा जातो. गीझरमधून खळखळ किंवा तडतड आवाज येणे, पाणी तापायला दर महिन्याला अधिक वेळ लागणे, नळातून पांढरे कण येणे, ही या कवचाची चिन्हे आहेत.

त्यावर उपाय आहे. जड पाण्याच्या गावात वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून एलिमेंट काढवून, सौम्य आम्लाच्या द्रावणात भिजवून साफ करावे. सायट्रिक आम्ल त्यासाठी पुरते. टाकीचा तळही धुऊन घ्यावा. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. टाकीचे पोलाद गंजू नये म्हणून ती स्वतः झिजत जाते. ती अर्ध्याहून अधिक झिजली असेल तर त्याच वेळी बदलावी. थर्मोस्टॅट अगदी वरच्या टोकाला न ठेवता ५५ ते ६० अंशांच्या आसपास ठेवावा. पाणी जितके अधिक तापते तितका थर लवकर साचतो.

येथे एका समजुतीची दुरुस्ती आवश्यक आहे. पिण्याचे पाणी उकळून घेण्याचा परिपाठ ज्या घरांत आहे, तेथे वेळ वाचविण्यासाठी गीझरचे गरम पाणी पिण्यास घेण्याचा मोह होतो. गीझरचे पाणी उकळलेले नसते. ते टाकीतल्या क्षारांच्या आणि गंजाच्या सहवासात राहिलेले असते. पिण्याचे पाणी चुलीवर वा शेगडीवर स्वतंत्र भांड्यातच उकळावे.

झटका बसतो तेव्हा

एलिमेंटच्या नळीला तडा गेला की पाणी आतल्या भुकटीत शिरते आणि वीज पाण्यात, तेथून नळाच्या धातूत उतरू लागते. गीझर कदाचित पाणी तापवीतही असतो. नळाला हात लावल्यावर मात्र मुंग्या येतात. हा झटका ‘बारीक’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच क्षणी एमसीबी बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझरला स्पर्श करू नये.

पुष्कळांना वाटते की एमसीबी आहे, म्हणजे माणूस सुरक्षित आहे. एमसीबी तारेचे रक्षण करतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला गळणाऱ्या बारीक प्रवाहाचा पत्ताही लागत नाही, आणि माणसाच्या जिवाला अँपिअरचा अगदी छोटा अंशही पुरतो. माणसाचे रक्षण आरसीसीबी करतो. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. गीझर लावताच आरसीसीबी पडत असेल, तर एलिमेंट गळते आहे असा तो स्वच्छ निरोप आहे. आरसीसीबी काढून टाकून पाणी तापविणे म्हणजे निरोप्यालाच हाकलणे. घरात तो नसेल तर नव्या गीझरच्या आधी तो बसवावा.

त्याच्या जोडीला खरे अर्थिंग हवे. प्लगला तिसरी पीन असते, पण तिच्यामागची तार जमिनीपर्यंत गेलेली नसते, असे कित्येक घरांत आढळते. उन्हाळ्यात मुरमाड जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ती कदापि करू देऊ नये. न्यूट्रल तुटताच गीझरचे सारे अंग विद्युतभारित होते.

तात्पुरत्या सोयीचा धोका

गीझर बंद पडला की घरात हमखास दोन पर्याय पुढे येतात. एक, बादलीत सोडायची हीटरची कांडी. तो वापरावाच लागला तर प्लास्टिकची जाड बादली घ्यावी, कांडी पाण्यात बुडवल्यावरच बटण सुरू करावे, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नये. लहान मुले आणि वृद्ध यांच्या वावरात ती बादली एकटी सोडू नये.

दुसरा पर्याय गॅस गीझरचा. ‘गीझर’ हे नाव आइसलँडमधील ‘गेझिर’ या उसळत्या उष्ण पाण्याच्या झऱ्यावरून आले. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापविणाऱ्या आपल्या यंत्राला ते दिले. त्या यंत्राला जळलेला वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती. दीडशे वर्षे लोटली तरी बंद न्हाणीघरात गॅस गीझर बसविणारे तीच उणीव पुन्हा निर्माण करीत असतात. प्राणवायू कमी पडला की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि अंघोळ करणारा माणूस आवाज न करता बेशुद्ध पडतो. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असावा. चुलीवर हंडा ठेवून चार दिवस काढणे हा या दोन्हींपेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे.

दुरुस्ती की नवा?

प्लग, थर्मोस्टॅट, कटआऊट, एलिमेंट, व्हॉल्व्ह हे सारे भाग बदलता येतात, आणि त्यांपैकी एकासाठी संपूर्ण गीझर टाकून देण्याचे कारण नाही. मात्र टाकीच गंजून गळू लागली असेल, तर दुरुस्ती टिकत नाही. नवा घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. साठवणीच्या गीझरसाठी आयएस २०८२ आणि इन्स्टंटसाठी आयएस ८९७८ ही भारतीय मानके आहेत. जड पाण्याच्या गावात एलिमेंट आणि मॅग्नेशियमची कांडी सहज मिळते का, सेवा केंद्र किती दूर आहे, हे दुकानातच विचारावे. बसविल्यावर आधी गरम नळ उघडून टाकी पूर्ण भरली, धार अखंड आली, याची खात्री करावी. मगच वीज सुरू करावी.

या साऱ्याला एक ठरलेला दिवस असला की विसर पडत नाही. दिवाळीपूर्वी घराची साफसफाई निघते. त्याच आठवड्यात, थंडी पडण्याआधी, गीझरचे एलिमेंट आणि कांडी तपासून घ्यावी, प्लगच्या पिना पाहाव्यात, अर्थिंग मोजून घ्यावे आणि आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. बटण दाबूनही तो पडला नाही, तर त्या दिवशी गीझर न लावता आधी वायरमनला बोलवावे.